छर्रे, तारा, वालट्यूब
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सायकल टिकते कशी

पावसाळा सरता सरता सायकलच्या मागच्या चाकाचा हब उघडला, तर आत ग्रीस सापडत नाही, तपकिरी लगदा सापडतो. चामोर्शी तालुक्यातल्या एका आठवडी बाजारात कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसलेल्या सायकल मिस्त्रींनी तो लगदा माझ्या बोटावर ठेवला आणि चोळायला सांगितलं. कचकच लागत होती, बारीक वाळूची. त्यांनी छर्रे डिझेलच्या वाटीत सोडले. एका बाजूचे नऊ, दुसऱ्या बाजूचे नऊ, सगळे पाव इंची. धुऊन वर काढल्यावर निम्मे चकाकत होते, बाकीच्यांवर बारीक काळे ठिपके पडले होते. मग त्यांनी कोन उन्हाकडे धरून हळूहळू फिरवला. छर्रे ज्या पट्ट्यावर फिरतात तिथे नख अडकेल एवढा खड्डा होता.

सायकल वैनगंगेकाठच्या एका शेतकऱ्याची होती. खराब तेवढे छर्रे बदलवा ना जी, बाकीचे बरे दिसते, असं ते म्हणत होते. मिस्त्री ऐकेनात. अठराच्या अठरा नवे आणि दोन्ही कोनही नवे, हा त्यांचा हट्ट. जुना छर्रा झिजून केसभर का होईना, लहान झालेला असतो. नवे-जुने मिसळले की सगळा भार मोजक्या नव्या छर्ऱ्यांवर येतो आणि ते वाटी खातात. छर्ऱ्यांचा अख्खा संच चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. हबची वाटी गेली तर मात्र हब बदलायचा, म्हणजे चाकाच्या सगळ्या तारा सोडायच्या, पुन्हा विणायच्या, पुन्हा आउट (रिमचा डोल) काढायचा. शेतकऱ्यांना हिशेब पटला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी टिकणाऱ्या वस्तू हा विषय सुचवला, तेव्हा मी सायकल निवडली आणि ती बघायला या दोन जिल्ह्यांत आलो. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा जवळपास तीन चतुर्थांश जंगल आहे. रेल्वे आजवर पोचली ती वडशापर्यंत. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला एसटीची पहिली बस १ जानेवारी २०२५ रोजी गेली. अशा मुलखात सायकल शाळेत नेते, धान गिरणीवर नेते, मोहफुलांची टोपली बाजारात नेते. ती बंद पडली की माणूस पायी येतो. इथे हिंडून माझं एक मत पक्कं झालं. सायकल किती भक्कम आहे, यावर तिचं आयुष्य फारसं ठरत नाही. जवळच्या बाजारातल्या मिस्त्रीला ती उघडता येते का आणि उघडल्यावर घालायचा भाग त्याच्या डब्यात आहे का, यावर ठरतं.

पाणी कुठून शिरतं

अठ्ठावीस इंची चाकाचा हब जमिनीपासून हातभरही उंच नसतो. पायडलची धुरी त्याहून खाली. म्हणजे रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत असताना सायकल हाताने ढकलत नेली, तरी दोन्ही बेअरिंगं बुडाली. पावसाळ्यात या भागातले रपटे पाण्याखाली जाणं नेहमीचंच. भामरागडला तर इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात आणि पर्लकोटेच्या पुरात रस्ता तुटल्याची बातमी पावसाळ्यागणिक येते. मोठा पूर ओसरेपर्यंत माणसं थांबतात. नाल्याला मात्र थांबत नाहीत. सायकल खांद्यावर घेता आली तर घेतात. मागे पोतं बांधलेलं असलं की तेही जमत नाही.

बुडालेल्या हबमध्ये पाणी धुरा आणि कोन यांच्या फटीतून शिरतं हे उघड आहे. सांगाड्यात शिरणाऱ्या पाण्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. सीटच्या दांड्याखालच्या फटीतून पावसाचं पाणी आत उतरतं, नळीतून खाली येतं आणि पायडलच्या धुरीपाशी साचतं. वरून सायकल कोरडी, आतले छर्रे पाण्यात. आठ-पंधरा दिवसांत गंज धरतो आणि पायडल मारताना कटकट सुरू होते. उपाय साधा आहे. मोठ्या पावसानंतर किंवा रपटा ओलांडल्यावर घरी येऊन सीटचा दांडा काढायचा, सायकल उलटी करून पाणी निथळू द्यायचं आणि रात्रभर तशीच ठेवायची. दांडा परत बसवताना त्याला ग्रीस चोळायचं, म्हणजे तो गंजून कायमचा अडकत नाही. जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा कापून दांड्याच्या बुडाशी चढवला की फटही झाकते.

ग्रीस किती घालावं, याबद्दल शहरातल्या मिस्त्रींचं आणि इथल्यांचं मत वेगळं पडतं. शहरात छर्रे बसतील एवढंच लावतात. इथे वाटी भरून, बाहेर डोकावेल इतकं घालतात, आणि तेच बरोबर आहे. पावसाळ्यात ग्रीसचं पहिलं काम पाण्याला जागा न ठेवणं हे असतं. बाहेर आलेलं ग्रीस धूळ पकडतं, ती फडक्याने पुसली की झालं. सायकल धुवायची ती हापशीच्या बादलीने. मोटारसायकली धुणाऱ्या फवाऱ्याखाली ती कधीच धरू नये. तो दाब पाणी थेट छर्ऱ्यांपर्यंत पोचवतो आणि ग्रीस धुऊन काढतो. सायकल चकचकीत दिसते आणि महिन्याभरात कुरकुरायला लागते.

जूनच्या आधी एकदा आणि दसरा-दिवाळीला एकदा, असं दोनदा ओव्हरऑइलिंग इथल्या सायकलीला लागतं. बहुतेकांच्या नशिबी ते एकदाच येतं, पावसानंतर. दोनांपैकी एकच करायचं असेल तर मी पावसाआधीचं करीन. नव्या ग्रीसने भरलेला हब चार महिने पाणी अडवतो. पावसानंतर उघडला तर झालेलं नुकसान मोजायला मिळतं.

काळी, राखाडी, लाल

धुळीचा रंग बघून सायकल कुठून आली ते सांगता येतं. घुग्गूस, माजरी, बल्लारपूर या पट्ट्यातल्या खाणींची कोळशाची काळी. वीज केंद्राच्या राखेची आणि गडचांदूरकडच्या सिमेंटची राखाडी. आष्टी-आलापल्ली-एटापल्लीच्या रस्त्यांवर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी उडवलेली लाल. या तिन्ही चेनीला खातात. राखेत आणि खनिजाच्या धुळीत लोखंडाला घासून काढणारे कडक कण असतात. ते तेलात मिसळले की चेनीच्या प्रत्येक पिनेत पॉलिश पेपर फिरत राहतो. म्हणून चेनीला भरपूर तेल पाजणं ही माया तिलाच मारते.

त्यातही गॅरेजमधून फुकट मिळणारं जळालं ऑइल सर्वांत वाईट. इंजिनाच्या झिजेचे कण त्यात आधीच असतात. चेन आधी डिझेलमध्ये ब्रशने धुवायची (रॉकेल आता रेशनवर दिसेनासं झालं आहे), उन्हात वाळवायची, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर नव्या तेलाचा एक थेंब सोडायचा आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. तेल पिनेच्या आत हवं. बाहेरून चेन जवळजवळ कोरडी दिसली पाहिजे. पावसात तेल जाड, उन्हाळ्यात पातळ.

चेन कधी बदलायची, हे बघायला शाळेची पट्टी पुरते, तिची इंचाची बाजू. ताणून धरलेल्या चेनीच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचा. कड्या अर्ध्या इंचाच्या असतात, त्यामुळे नव्या चेनीची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती अर्धा सूत पुढे सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण सूत सरकली असेल तर उशीर झाला. लांबलेल्या चेनीने फ्रीव्हीलचे दात तिरपे खाल्लेले असतात, आणि त्यावर नवी चेन घातली की ती चढावर उडते. अर्ध्या सुताला चेन बदलणारा माणूस दोन-तीन चेनींमागे एक फ्रीव्हील घेतो. उडायला लागेपर्यंत थांबणारा दर वेळी चेन, फ्रीव्हील आणि कधी कधी पुढचं दातेरी चक्करही घेतो.

बत्तीस आणि चाळीस

जुन्या बावीस इंची काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात तारा बत्तीस, मागच्यात चाळीस. इंग्रजी बनावटीकडून आलेली ही विभागणी फार शहाणपणाची आहे. चालवणाऱ्याचं बरंचसं वजन मागच्या चाकावर पडतं, कॅरिअरवरचं सगळं ओझं त्याच्यावर, आणि चेनीचा ओढाही त्यालाच. इथलं ओझं म्हणजे धानाचं पोतं, जळणाच्या मोळ्या, नाहीतर बुरडांचा हिरवा बांबू. बांबू सांगाड्याला दोन्ही बाजूंनी लांबलचक बांधतात, मग सायकलीवर बसता येतच नाही, हँडल धरून चालत न्यावं लागतं. त्या वेळी ती हातगाडी असते आणि तिची चाकंही तशीच मजबूत लागतात.

तार बहुधा हबजवळच्या वाकणात तुटते, आणि भाराने तुटण्यापेक्षा सैल असल्याने तुटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खाली आलेल्या तारेवरचा ताण कमी होतो, वर गेल्यावर वाढतो. ताण पुरेसा असेल तर हा फरक ती सोसते. सैल तार दर फेऱ्याला ढिली पडून पुन्हा खेचली जाते, वाकणात थकते आणि एक दिवस तुटते. एक गेली की शेजारच्या दोघींवर भार. म्हणून एक तार तुटल्याचं समजलं की त्याच बाजारात बदलावी. मिस्त्री तारा बोटाने छेडत चाकाभोवती जातात आणि आवाजावरून सैल तार ओळखतात. फ्रीव्हीलच्या बाजूची तुटली असेल तर आधी फ्रीव्हील खोलावं लागतं. त्याचा खास पाना प्रत्येक पोत्यावर नसतो.

नवी सायकल घेतल्यावर पहिल्या महिन्यात तारा एकदा ताणून घेणं, हे सायकलीच्या आयुष्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. नवीन चाकात तारा बसत जातात, निपल जागा घेतात, ताण उतरतो. क्रँक धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनेचंही तेच. थोडं अंतर चालवल्यावर ती आत सरकते आणि नट ढिला पडतो. हातोडीचा एक ठोका आणि पान्याचा एक पीळ, की ती वर्षानुवर्षं हलत नाही. तसं न करता चालवत राहिलं तर पिनेचा सपाट भाग चेपतो, मग क्रँकचं भोक लांबट होतं, आणि त्यानंतर कितीही पिना घाला, पायडल डगडगतंच.

सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला, बंद पडला. तरी गडचिरोलीत आजही त्या सायकली धावतात. त्यांचा कॉटर, चेन, छर्रे, टायर हे सगळं लुधियानात बनणाऱ्या इतर काळ्या सायकलींसारखंच आहे. कारखाना गेला, मापं राहिली. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी भारत जोडो अभियान कन्याकुमारीहून काढलं तेव्हा बरोबरची ११६ तरुण मंडळी सायकलींवर होती, आणि काश्मीरपर्यंत पाच हजारांहून अधिक किलोमीटरचा पल्ला होता. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे चंद्रपूरकरांना ही आठवण घरची. त्या काळी देशाच्या एका टोकाला लागलेला टायर दुसऱ्या टोकाला मिळू शके, याचं कारण हीच सारखी मापं.

आता मापांचा घोळ झाला आहे आणि त्याचा फटका खेड्यातल्या गिऱ्हाइकाला बसतो. मुलींच्या सायकलींवर २६ हा आकडा असतो, म्हणून बाजारातून २६ चा टायर आणला, तर तो बसेलच असं नाही. २६ × १ ३/८ चा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, २६ × १.७५ चा ५५९ च्या. एकतीस मिलिमीटरचा फरक, म्हणजे सव्वा इंच. टायरच्या कडेवर हा तीन अंकी आकडा छापलेला असतो. तो मडगार्डच्या आत रंगाने लिहून ठेवावा. घरातलं कुणीही बाजारात गेलं तरी योग्य टायर येईल.

काटे, ऊन आणि हवा

पाऊस उघडला की सराटा वाळतो आणि त्याचे टोकदार काटे वाटेवर पसरतात. शेताच्या कुंपणाला ओढत नेलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्याही मागे काटे सांडत जातात. पंक्चर इथे रोजचंच. ते वारंवार होऊ नये यासाठी टायर निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, टायरच्या मध्यावरचं रबर जाड हवं, नक्षी कितीही साधी चालेल. दुसरं, आतलं कापड नायलॉनचं हवं. सुती कापड ओलाव्याने कुजतं आणि दोन पावसाळ्यांत टायरच्या कडा फुगतात. ट्यूब ब्यूटाइल रबराची घ्यावी. साध्या रबराच्या ट्यूबपेक्षा तिच्यात हवा कितीतरी जास्त दिवस टिकते. आणि कमी हवेवर चालवलेल्या ट्यूबला रिमची चिमट बसून दोन समांतर चिरा जातात, तो प्रकार आपोआप कमी होतो. जुन्या ट्यूबचा उभा कापलेला पट्टा टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालण्याची इथली रीत मला फार आवडली. लहान काटे त्यातच अडकतात.

पंक्चर काढताना बिघडतं ते घाईमुळे. ट्यूब खरवडायची, सोल्यूशन पातळ लावायचं आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. ओल्यावर पॅच दाबला तर आत द्रावण कोंडतं आणि उन्हात पॅच सुटतो. टायरमध्ये बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय ट्यूब परत घालायची नाही, हे पोरंही जाणतात.

चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांपलीकडे जातो. उभ्या सायकलीचा टायर उन्हात फटकन फुटला, की लोक जास्त हवेला दोष देतात. हिशेब केला तर सकाळी २७ अंशांना ४० पौंड भरलेली हवा ट्यूब ५७ अंशांपर्यंत तापल्यावर ४५-४६ पौंडांवर जाते. धड टायरला ही वाढ काहीच नाही. फुटतो तो कडेला कापड कुजलेला टायर. म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी करण्यापेक्षा मार्चमध्ये टायरच्या कडा बघाव्यात आणि सायकल सावलीत ठेवावी. ऊन खरं मारतं ते वालट्यूबला. व्हॉल्व्हच्या दांडीवर चढवलेला तो इवलासा रबरी तुकडा उष्णतेने चिकट होतो, चिरतो आणि हवा हळूहळू जाते. पंक्चर समजून टायर खोलण्याआधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघावं. वीतभर वालट्यूब कंपासपेटीत ठेवली तर वर्षभराची सोय.

हवाच न लागणाऱ्या भरीव टायरांबद्दल या भागात बरंच कुतूहल आहे. माझं मत विरुद्ध आहे. काटे लागत नाहीत हे खरं, पण प्रत्येक खड्ड्याचा धक्का हवेऐवजी रिम आणि तारा खातात, आणि असा टायर रिमवर चढवायला-उतरवायला ताकद आणि हत्यार दोन्ही लागतं. पंक्चर पाच मिनिटांचं काम आहे, रिम वाकली तर आठवडा जातो.

पाच हजारांची सायकल

मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकलीसाठी पैसे मिळतात. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळ्या एसटी आहेत. सायकलीची रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. पैसे बँक खात्यात येतात, सायकल घरच्यांनी निवडायची. अशा सायकलीने काय घडतं याचा चांगला अभ्यास बिहारच्या २००६ च्या योजनेवर झाला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांना तिथे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं, आणि वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत होती. म्हणून या योजनेची बाजू मी मनापासून घेतो आणि म्हणूनच तिच्यातली उणीव खटकते. सायकलीला पैसे आहेत, सायकल चालू ठेवायला नाहीत.

दुपारी शाळेच्या कुंपणाशी उभ्या सायकली नीट पाहिल्या, की कुठली केव्हाची ते कळतं. नव्या सायकली झाडाखाली. जुन्यांपैकी एकीला पायडलच्या जागी नुसता दांडा, एकीचा पुढचा ब्रेक तारेने बांधलेला, एक रिमवरच चालवत आणलेली. धानोरा तालुक्यात आठवीतल्या एका मुलीला मी विचारलं, सायकल घरी का उभी होती? ट्यूब गेली होती जी, बाबा तेंदूपत्त्याच्या कामावर होते, ती म्हणाली. ट्यूबसाठी शाळेचे किती दिवस गेले, हे तिने मोजलं नव्हतं. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकाला सायकल देखभाल भत्ता मिळतो. सायकल वापरायची म्हटलं की तिच्यावर खर्च होत राहणार, हे सरकारच्या एका खात्याने पूर्वीच मान्य केलेलं आहे. मुलींनाही तो द्यायला हवा. वर्षाला दोन ट्यूबा, ब्रेकची रबरं आणि एक ओव्हरऑइलिंग एवढीच ही मागणी आहे.

वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था २००५ मध्ये त्सुनामीनंतरच्या श्रीलंकेतल्या कामातून उभी राहिली आणि पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी तिने बफेलो नावाची सायकल बनवली. जड, पोलादी, शंभर किलो पेलणाऱ्या कॅरिअरची. संस्थेने सायकलींबरोबर गावांत मिस्त्री तयार केले आणि सुट्या भागांची दुकानं लावली. आपल्याकडे मिस्त्री आहेत, लुधियानाचे भागही येतात. फक्त शाळेतून मिस्त्रीपर्यंतची वाट पैशांअभावी बंद आहे.

दुकानात पाच हजार घेऊन उभं राहिल्यावर घरचे बघतात रंग, पुढची जाळी आणि शॉकअप. गिअर आणि शॉकअप या किमतीत घेऊच नये. स्वस्त शॉकअपची आतली नळी गंजते आणि तो नुसतं वजन होऊन बसतो. गिअरची चेन अरुंद असते, सायकल आडवी पडली की मागचा हात वाकतो आणि तो सरळ करणारा मिस्त्री एटापल्लीच्या बाजारात भेटत नाही. एकच वेग, जाड चेन, पोलादी कॅरिअर धुऱ्यालाच कसलेलं, आणि चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवलं तर न खडखडणारं. सायकल उलटी करून चाक फिरवायचं आणि ब्रेकच्या रबराजवळ रिम डोलते का बघायचं. डोलत असेल तर पैसे देण्याआधी आउट काढून घ्यायचा. दुकानात सायकली सुट्या येतात, तिथेच जोडतात, आणि शाळा सुरू होण्याच्या गर्दीत ही जोडणी घाईने होते.

तिन्हीसांजेचा रस्ता

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांतून सायकलीने जाणारा माणूस वाघाचा विचार केल्याशिवाय संध्याकाळी निघत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात, कामावरून सायकलीने घरी निघालेल्या कामगाराला वाघाने मारलं. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतही आता वाघ आहे. वन विभाग सांगतो, एकटे जाऊ नका, उजेडात जा. लोक तसंच करतात. शाळकरी मुली घोळक्याने, मोठ्याने बोलत जातात.

या रस्त्यावर चेन पडणं हा नुसता वैताग उरत नाही. एक थांबली की घोळका थांबतो, नाहीतर ती मागे राहते. एकवेगी सायकलीची चेन पडते ती सैल झाल्याने किंवा मागचं चाक तिरपं बसल्याने. चेनीच्या मधोमध बोटाने वर-खाली केलं तर ती अर्धा इंच, फार तर पाऊण इंच हलावी. दीड इंच हलत असेल तर मागचे दोन्ही नट ढिले करून चाक सरळ मागे ओढायचं आणि कसायचं. पंधरा नंबरचा पाना घरात असला की हे काम घरच्या घरी होतं, आणि आठवीतली मुलगी एकदा बघून शिकते. मी शिकताना बघितली आहे.

ब्रेकचंही तसंच. पोलादी रिमवर पाणी पडलं की रबर घसरतं आणि थांबायचं अंतर बरंच वाढतं. दांडीच्या ब्रेकला केबल गंजण्याची भीती नाही, पण पावसात पकड कमी. अॅल्युमिनियमची रिम ओल्यात चांगली थांबते, मात्र पोलादी रिमसारखी ठोकून सरळ होत नाही, चिरते. भार वाहणाऱ्याने पोलादी घ्यावी, रोज डांबरी रस्त्याने ट्रकांमधून शाळेत जाणाऱ्या मुलीला मी अॅल्युमिनियमची सुचवीन. डायनामो आता दिसत नाही, हँडलला टॉर्च बांधतात. ती पुढचं दाखवते. मागून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकला सायकल दिसावी म्हणून मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर हवा. सर्वांत आधी तुटणारा आणि कुणीच न बदलणारा भाग तोच.

मंडईच्या आधी

हलका धान निघाला की घरात पैसा येतो आणि चामोर्शी तालुक्यातल्या त्या मिस्त्रींच्या पोत्याभोवती सायकलींची रांग लागते. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत मंडया भरतात, वडशाहून नाटकमंडळ्या गावोगाव निघतात आणि पाहुणे रात्रीच्या प्रयोगांना येतात. पूर्वी ही सगळी वर्दळ सायकलींवर असे, आता बरीचशी मोटारसायकलींवर आहे. मिस्त्रींचा मुलगा मोटारसायकलीचं काम करतो, थोड्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये. वडिलांच्या कामात त्याला कमीपणा वाटत नाही. दिवसाची मिळकत वेगळी पडते, एवढंच तो म्हणाला. तारा विणणं त्याला येतं. गर्दी झाली की तो पोत्यावर येऊन बसतो आणि आउट काढून देतो.

या दिवसांत रात्री जाणारे-येणारे जास्त, म्हणून ब्रेकची रबरं आणि टॉर्च बांधायचे क्लॅम्प आधी संपतात. मिस्त्री ते दसऱ्याच्या आतच चंद्रपूरहून भरून आणतात. यंदा लाल रिफ्लेक्टरची एक पुडीही आणणार आहेत. मुलींच्या सायकलींना ते बसवून द्यायचे आणि मजुरी घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं आहे.